भावाचं रक्त थांबलं

शिवकुमारच्या बोटाला विळी लागली आणि रक्त आपोआप थांबलं, त्या दिवसापासून महेश्वरला घास गोड लागेना.

सख्ख्या भावाबद्दल असं वाटतं का कुठं, असं लोक म्हणतील. लोकांना म्हणायला काय जातंय? ज्यांचं रक्त थांबतं त्यांनी गोड बोलायला हरकत नाही.

दोघांही भावांना हिमोफिलिया. रक्त गोठायला फॅक्टर आठ नावाचं एक प्रथिन लागतं, ते यांच्या अंगात तयारच होत नाही. आईकडून आलेलं. आईला काही होत नाही, मुलांना होतं. बाहेरची जखम निदान दिसते तरी. खरा घात आत होतो. काही न करता गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त उतरतं, सांधा टम्म फुगतो, आणि हे पुन्हा पुन्हा झालं की तो सांधा कामातून जातो. महेश्वरचा डावा गुडघा चौथीत असतानाच गेला. तेव्हा घरात कुणाला रोगाचं नावही माहीत नव्हतं. कुणी वात म्हणालं, कुणी करणी म्हणालं. एका हाडवैद्यानं तर तेल लावून चोळला. आत रक्त भरलेला गुडघा चोळला! त्या रात्री महेश्वर जे ओरडला ते बाळीवेशीतल्या जुन्या शेजाऱ्यांना अजून आठवतं.

म्हणून पुढं नऊ वर्षांनी शिवकुमार जन्मला तेव्हा डॉक्टरांनी आठवड्याच्या आत त्याचं रक्त तपासलं. त्याला सायकल मिळाली नाही, विटीदांडू मिळाला नाही. आईनं, काशम्मानं, त्याला शाळेतही उशिरा घातलं. पण त्याचे सगळे सांधे शाबूत राहिले. थोरल्यानं गुडघा दिला आणि धाकट्याच्या वेळी घराला अक्कल आली, असा हा व्यवहार. थोरल्याला विचारलं कुणी नव्हतं.

महेश्वर चादरीच्या कारखान्यांसाठी संगणकावर नक्षी काढून द्यायचा. बसून करायचं काम, म्हणून त्याला जमलं. शिवकुमार एका पतपेढीत. दोघंही अविवाहित. वडील, अण्णाराव, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका दिवसाआड सकाळी दोघं भाऊ एकाच पलंगावर बसायचे. महेश्वर धाकट्याच्या दंडाला रबराची पट्टी बांधायचा, शीर शोधायचा, फॅक्टरचं इंजेक्शन द्यायचा. मग शिवकुमार थोरल्याला द्यायचा. इतर घरांत भाऊ एका ताटात जेवतात म्हणे. यांच्या घरात हे होतं.

मग जीन थेरपीची चाचणी आली.

दक्षिणेकडच्या एका मोठ्या इस्पितळात ती चालणार होती. दोघं काशम्माला घेऊन गेले. तिथल्या राजेश्वरी सिस्टर कानडी बोलायच्या, त्यामुळं काशम्माला ते इस्पितळ माहेरासारखं वाटलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. एक विषाणू घ्यायचा, त्याच्यातलं त्याचं स्वतःचं सगळं काढून टाकायचं, आणि त्या रिकाम्या कवचात फॅक्टर आठ बनवणारं चांगलं जनुक भरायचं. सलाईनमधून सोडलं की तो लिव्हरच्या पेशींत शिरतो आणि जनुक तिथं ठेवतो. मग लिव्हर स्वतःच फॅक्टर बनवायला लागतं.

"म्हणजे नक्षीतला चुकलेला ठिपका दुरुस्त करायचा," महेश्वर म्हणाला.

"तसंही करता येतं, जीन एडिटिंगनं. पण इथं तसं नाही. तुमची चुकलेली नक्षी तशीच राहणार. आम्ही शेजारी एक बरोबर नक्षी ठेवतोय."

दोघांनी रक्त दिलं. आणि निकाल आला तेव्हा महेश्वर बाद झाला.

कारण ऐका. तो रिकामा विषाणू ज्या जातीचा, त्या जातीचा खरा विषाणू कधीतरी महेश्वरच्या अंगातून गेला होता. आजार होत नाही त्यानं. येतो, जातो, कळतही नाही. पण शरीर लक्षात ठेवतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं करून ठेवतं. आता औषधाचा विषाणू सोडला तर लिव्हरपर्यंत पोचायच्या आधीच शरीर त्याला मारून टाकेल.

"कुठं लागला असेल?" काशम्मानं विचारलं.

"कुठंही. शाळेत, होस्टेलवर. लोकांमध्ये राहिलं की होतं."

महेश्वर चौथीपर्यंत गल्लीत लोळला होता. पुढं बार्शीला होस्टेलवर एका खोलीत सहाजणांत राहिला होता. शिवकुमार मात्र घरात, आईच्या पदराखाली. का, तर थोरल्याचा गुडघा गेला होता म्हणून. त्याच जपणुकीनं आता धाकट्याला औषधही मिळवून दिलं. दोन्ही वेळा गुडघा महेश्वरचाच.

परतीच्या गाडीत काशम्मा म्हणाली, "एकाला तरी मिळालं की रे. तेवढं तरी देवानं बगितलं."

महेश्वरला म्हणायचं होतं, देवानं नीट बघून दुसऱ्याला दिलं.

एका दुपारी शिवकुमारला ते सलाईन लागलं. दोन-तीन महिन्यांत त्याच्या रक्तातला फॅक्टर शून्यावरून चाळीस टक्क्यांवर गेला. आपल्यासारख्यांना शंभर असतो, पन्नासलाही काही कळत नाही. चाळीस म्हणजे जवळजवळ माणूसच. इंजेक्शनं बंद झाली. मग विळी लागली, रक्त आलं, आणि शिवकुमार बोट धरून बघत बसला.

"अण्णा, बघ की! थांबलं! काही न करता थांबलं!"

"हां," महेश्वर म्हणाला. "सगळ्या जगाचं थांबतं. ओरडतोस कशाला?"

त्यानंतर सकाळी महेश्वर पलंगावर एकटा बसू लागला. पट्टीचं एक टोक दातात धरून स्वतःच स्वतःचा दंड बांधायचा. शिवकुमार म्हणायचा, "दे की, मी देतो," तर याचं उत्तर, "तुला आता सवय राहिली नाही. हात थरथरेल." हात काही थरथरत नव्हता. महेश्वरला त्याचा हात नको होता.

मार्गशीर्ष लागला आणि सोमलिंगकाका आले. वडिलांचे चुलतभाऊ. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात, तीस फुटांच्या उंच काठ्या. कमरेच्या पट्ट्यात बूड बसवायचं आणि ते सगळं वजन एकट्यानं तोलत चालायचं. यांच्या भावकीत एका काठीला खांदेपालट करायचा मान होता. अण्णाराव हयात होते तोवर ते तोलायचे. मागं दोन मुलगे असून त्यांची जागा चुलत घरात गेली. मिरवणुकीत महेश्वरला काय होतं, तर काठीवाल्यांसाठी पाण्याची कळशी घेऊन बाजूनं लंगडत चालायचं.

"काय रे शिव्या," काका पायरीवरूनच ओरडले, "रक्त नवं घातलंय म्हणं तुला?"

"रक्त नाही काका, जनुक."

"त्येच ते. आमच्या अक्कलकोटच्या रानात बीटी कापूस, तसा तू बीटी शिव्या! बोंडअळी लागायची न्हाय आता तुला."

"कापसाचं बियांत उतरतं, काका. माझं लिव्हरपुरतंच. मला उद्या मुलगी झाली तर तिच्यात जुनंच जाणार."

"मुलगी नंतर. आदी काठी. तुज्या बाची जागा हाय, घेतोस का न्हाय?"

शिवकुमारनं आईकडं बघितलं नाही, महेश्वरकडं बघितलं. हे नीट लक्षात घ्या. या घरात लहानपणापासून एकच पद्धत होती. कुठं दुखलं की आधी अण्णाला, म्हणजे महेश्वरला, सांगायचं. हे रक्त आहे का नुसतंच दुखणं, ते अण्णा बोटानं दाबून सांगणार. डॉक्टर नंतर.

"इस्पितळात विचार," महेश्वर म्हणाला. "मला काय विचारतोस? मी काय बीटी हाय?"

काका खदाखदा हसले. इस्पितळानं सांगितलं, बेतानं सराव करा, पडू नका, काही वाटलं तर लगेच फोन करा. शिवकुमार सरावाला जाऊ लागला.

रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सराव चालायचा. महेश्वर म्हणायचा मी येणार नाही, आणि यायचा. पानपट्टीच्या फळीवर बसायचा. शिवकुमारचा पाय कसा पडतो, पाठ कशी सरळ राहते, हे दुसऱ्याच्या ताटातलं बघावं तसं बघायचा. पहिले काही दिवस काठी कलली, पोरांनी सावरली. मग एक दिवस ती उभी राहिली. शिवकुमार वर शेंड्याकडं बघत सात-आठ पावलं चालला आणि बायका दारातून म्हणाल्या, अगं बाई, अण्णारावच की हुबेहूब!

अण्णारावांचा थोरला मुलगा पानपट्टीवर बसला होता. त्याच्याकडं बघून असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

एका संध्याकाळी काठी उतरवल्यावर शिवकुमार वाकला. सरळ झाला, पण पुरता नाही. उजवी मांडी पोटाकडं जराशी ओढून, कमरेत मोडल्यासारखा चालू लागला. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. महेश्वर फळीवरून उठला तो आपली चालायची काठी टेकायचीही विसरला.

ती चाल त्याला माहीत होती. मांडीच्या वर, पोटाच्या आत जो स्नायू असतो, त्यात रक्त उतरलं की माणूस असा चालतो. बाहेरून काही दिसत नाही. आत तांब्याभर रक्त साठतं. महेश्वर एकदा त्यापायी महिनाभर पडून होता.

"घरी चल."

"अण्णा, जरासं आवळलंय नुसतं..."

"चल म्हणतो ना!"

"झालं!" मागनं काकांचा आवाज आला. "याला बगवंना. पोरानं काठी उबी केली तर याच्या पोटात दुकाया लागलं."

महेश्वर थांबला. काकांकडं वळला. "दुखतंय," म्हणाला. "तुमचं खरं हाय, काका. लई दुखतंय. पण याच्या पोटात रक्त हाय, ते बी खरं हाय."

घरी येऊन त्यानं फ्रीजमधनं फॅक्टरच्या बाटल्या काढल्या. त्याच्या वाटणीच्या, पुढच्या दोन वेळांच्या. नव्या मिळायला अवकाश होता. पावडरीत पाणी सोडलं, बाटली तळव्यात फिरवली, भावाचा दंड बांधला, पहिल्या टोचणीत शीर धरली.

आणि औषध हळूहळू आत सोडताना त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटतंय.

भावाला वाचवतोय म्हणून नव्हे. भाऊ परत आला म्हणून. थेरपी फसली, लिव्हर थकलं, बीटी संपलं. उद्यापासून पुन्हा पलंगावर दोघं. असं वाटणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. महेश्वरनं सुई काढली, कापूस दाबला आणि प्रेमानं म्हणाला, "पडून राहा. मी हाय की."

सकाळी शिवकुमारनं इस्पितळात कळवलं, आणि राजेश्वरी सिस्टरांचा फोन आला तो आगीसारखा.

"कुणी सांगितलं फॅक्टर द्यायला? आधी रक्त काढायचं होतं! आता त्याच्या रक्तात बाहेरचं किती आणि त्याच्या लिव्हरनं बनवलेलं किती, कसं कळणार आम्हाला?"

"पोटात रक्त उतरत होतं, सिस्टर. तेव्हा काय तुमची वाट बघत बसू?"

"उतरत होतं कशावरून?"

"मला कळतं."

"सोनोग्राफी करा. आज. आणि पाच दिवसांनी, बाहेरचं सगळं उतरल्यावर, रक्त पाठवा."

सोनोग्राफी झाली. त्या डॉक्टरनं पोटावर दोनदा-तीनदा यंत्र फिरवलं. "रक्त कुठंच नाही. स्नायू ताणला गेलाय. वजन उचलणाऱ्या कुणाचाही ताणला जातो. चार दिवस शेका."

"शेका?" दोघं भाऊ एकदमच म्हणाले. त्यांच्या आयुष्यात कुणी दुखऱ्या जागेला शेक दिला नव्हता. यांच्याकडं बर्फ. नेहमी बर्फ.

महेश्वरचा विश्वास बसला नाही. रिक्षात तो बडबडत होता. सुरुवात असेल, दिसलं नसेल, आपण औषध लवकर दिलं म्हणून थांबलं. शिवकुमारचाही विश्वास बसला नाही. त्या दोघांना साधं दुखणं माहीतच नव्हतं. लचक, उसण, पाय मुरगळला, पाठ धरली, हे सगळं त्यांनी लोकांकडून ऐकलं होतं. त्यांच्या अंगात जे दुखायचं ते एकच असायचं. मग माणूस दुसरं कशाला ओळखेल?

ते पाच दिवस महेश्वरचे गेल्या वर्षभरातले सगळ्यात चांगले दिवस होते. खोलीत दोन पलंग पुन्हा शेजारी आले. शिवकुमारनं पतपेढीत रजा टाकली. काशम्मा दोघांना एकाच वेळी ताक-भाकरी आणून द्यायची. महेश्वर मांडीवर संगणक घेऊन नक्षीतले मोर भरायचा, आणि मधेच विचारायचा, "आता कसंय? ओढ हाय? मुंग्या?" शिवकुमार विचार करून उत्तर द्यायचा. जुनी चेष्टा परत सुरू झाली. एकदा शिवकुमार म्हणाला, "बीटीला बोंडअळी लागली, अण्णा," आणि दोघं इतकं हसले की काशम्मा आतून ओरडली, "सुम्निर! गप बसा! दुकंल की!"

महेश्वरच्या स्वतःच्या बाटल्या संपल्या होत्या. त्याचा घोटा कुरकुरत होता. त्यानं कुणाला सांगितलं नाही. उशी घोट्याखाली घेतली आणि मोर भरत राहिला. एवढ्या किमतीत भाऊ परत मिळत असेल तर महाग नव्हतं.

सहाव्या सातव्या दिवशी दुपारी फोन आला. सिस्टरांचा सूर निवळला होता. "एक्केचाळीस. लिव्हर छान. सगळं त्याचं स्वतःचं. दुखणं कमी झालं असेल तर काठी उचलू दे, पण बेतानं."

महेश्वरनं फोन खाली ठेवला. "एक्केचाळीस," म्हणाला.

शिवकुमार उठला नाही.

"अजून ओढ लागते, अण्णा. सकाळी जिना उतरताना लागली."

तेवढ्यात काका आले. संक्रांत तोंडावर आली होती. दारातच उभं राहून म्हणाले, "येतोय का न्हाय ते एकदाचं सांगा. न्हायतर भावकीतल्या बिरुदेवच्या पोराला उबा करतो. मग पुढल्या वर्सी मागू नका, त्यो काय जागा सोडायचा न्हाय."

"मी काय सांगू भावजी," काशम्मा म्हणाली. "महेश म्हणंल तसं. त्यालाच कळतं त्यातलं."

सगळे महेश्वरकडं बघायला लागले. काकासुद्धा.

एक शब्द पुरेसा होता. थांब, एवढाच. नाहीतर नुसतं बोटानं मांडी दाबून तोंड वाकडं केलं असतं तरी भागलं असतं. यंत्र काय म्हणतं, सिस्टर काय म्हणते, कुणी विचारलं नसतं. शिवकुमार पडून राहिला असता, संक्रांत निघून गेली असती, जागा गेली असती. त्यानंतर दर वेळी कुठंतरी ओढ लागलीच असती त्याला. औषध लिव्हरमध्ये गेलं होतं, डोक्यात गेलं नव्हतं. महेश्वरला हे लख्ख कळत होतं. त्याच्या जिभेवर तो शब्द आलाही होता.

शिवकुमारनं कूस बदलली. सवयीनं हात लांब केला, महेश्वरच्या घोट्याखालची उशी ओढली आणि स्वतःच्या मांडीखाली घेतली. डोळे मिटून "हाय रे" म्हणाला.

महेश्वरचा घोटा गादीवर आदळला. कळ गेली ती थेट मस्तकात.

"ऊठ," तो म्हणाला.

"काय?"

"ऊठ म्हणतो! आजाऱ्याची उशी घेतोस? कण्हतोस? कशाला कण्हतोस रे तू? एक्केचाळीस टक्के हाय तुझ्यात! मला एक टक्का नाही, न् मी गप बसून मोर भरतोय, आणि तू धडधाकट माणूस माझ्या शेजारी लोळून माझं दुखणं खातोस?"

"अण्णा, खरंच दुखतंय..."

"दुखणारच! तीस फुटांचं लाकूड कमरेला लावलंस, दुखणार नाही? काकांचं दुखतं. बिरुदेवच्या पोराचं दुखतं. अख्ख्या गावाचं दुखतं आणि अख्खं गाव कामाला जातं! तसलं दुखणं हाय ते. फुकट मिळालंय तुला. मला तसलं एकदा मिळू दे, मी नाचत जाईन!"

"महेश, हळू बोल," काशम्मा म्हणाली.

"का हळू? सगळं यालाच. गुडघे याचे, औषध याचं, बापाची काठी याची. घे बाबा, सगळं घे. पण आजारपण मी देणार नाही. ते माझं हाय. ऊठ माझ्या शेजारनं."

शिवकुमार उठून बसला. त्यानं मांडीवर हात ठेवला. मग उभा राहिला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, कमरेतून सरळ झाला. "लागतंय," म्हणाला. "पण चालता येतंय." त्याचं लक्ष थोरल्याच्या पायाकडं गेलं. "अण्णा, तुझा घोटा सुजलाय."

"मला माहीत हाय."

"तुझ्या बाटल्या..."

"तुझ्या पोटात गेल्या. फुकट. जा आता."

"तू येशील बघायला? संक्रांतीला?"

"नाही."

"का?"

"जळतं माझं. अजून किती स्पष्ट सांगू?"

काका दारातून बाजूला झाले. काशम्मा बर्फ आणायला आत गेली. शिवकुमारनं वाकून उशी महेश्वरच्या घोट्याखाली सारली, आणि तो बाहेर पडला.

जिन्यावर त्याची पावलं वाजली. आधी एकेक, मग भराभर.

"कठडा धर, गाढवा!" महेश्वर आतून ओरडला.

पावलं काही हळू झाली नाहीत. खाली पोचली, गल्लीला लागली. ऐकू येत होती तोवर महेश्वर ती ऐकत राहिला आणि दात आवळून त्यानं आपला पाय उशीवर नीट ओढून घेतला.